धोमपासून किती अंतरावर बसून पाहता?

कृष्णेवर धरण झालं तेव्हापासून धोम हे नाव सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याच्या तोंडी पाण्यासाठी असतं. धरण किती भरलं, कालव्याला आवर्तन कधी सुटणार, एवढ्यासाठी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने राज्यभर पोचलं. वाईजवळच्या या गावात डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या संतोष पोळ याला पोलिसांनी अटक केली, त्याच्या पोल्ट्रीच्या आवारात खणायला सुरुवात झाली आणि जमिनीतून माणसांचे अवशेष निघू लागले. २००३ ते २०१६ या तेरा वर्षांत सहा खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. मेलेल्यांत पाच बायका होत्या, एक पुरुष. भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी जे औषध वापरतात, त्याचं इंजेक्शन देऊन हे खून झाले, असं तपासात पुढे आलं. त्याच्याबरोबर काम करणारी परिचारिका आधी सहआरोपी होती, पुढे माफीची साक्षीदार झाली. विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली आणि साताऱ्याच्या न्यायालयात खटला उभा राहिला.

चार वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२० च्या रात्री साडेदहाला, झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली. टाळेबंदी नुकती सैल होत होती, माणसं घरात होती, आणि रात्री उशिराची वेळ असूनही या मालिकेने घराघरांत बैठक मारली. चित्रीकरण साताऱ्याच्याच परिसरात, भाषा इथलीच, वाडा इथला, ओसरी इथली. ‘लागिरं झालं जी’ मधला भैय्यासाहेब म्हणून ओळखीचा झालेला किरण गायकवाड आता डॉ. अजितकुमार देव झाला होता. पांढरा कोट, गोड बोलणं, अडल्यानडल्याला धावून जाणं. आणि रात्री वेगळंच. कातळवाडी हे गाव काल्पनिक आहे, नावं बदललेली आहेत. तरी ती गोष्ट कुठली हे सांगावं लागलं नाही. पहिल्या आठवड्यातच ती ‘वाईच्या डॉक्टरची’ म्हणून ओळखली गेली.

हीच मालिका पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया इतक्या वेगळ्या का झाल्या, याचं उत्तर बरंचसं अंतरात आहे. मुंबईत, नागपुरात, दुबईत बसून पाहणाऱ्याला ती रंगलेली भयकथा होती. आज कोण सापडणार, डॉक्टर आज कसा निसटणार, हीच उत्सुकता. सरू आजीच्या म्हणी आणि शिव्या लोकांनी पाठ केल्या, टोण्याचं बोलणं पोरं एकमेकांना ऐकवू लागली. किरण गायकवाडच्या अभिनयाला दाद मिळाली आणि ती योग्यच होती. एका चेहऱ्यात दोन माणसं दाखवणं सोपं नाही. दुसरीकडे ‘असल्या गोष्टी घरात सगळ्यांसमोर कशाला’ म्हणणारे होते. खलनायकाला नायकासारखी जागा मिळते याचा संताप येणारे होते. पहिला भाग १५ ऑगस्ट २०२१ ला संपला तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला, कारण वर्षभर पाहिलेल्या पापाची फेड त्यांना डोळ्यांनी बघायची होती. तीही मिळाली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा भाग आला, २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ आला. मालिकेतला डॉक्टर पकडला गेला, सुटला, पुन्हा आला.

वाई, पाचवड, भुईंज, मेणवली या पट्ट्यात बसून पाहणाऱ्याची गत निराळी. त्याला त्या रस्त्याचं वळण माहीत असतं. हरवलेल्या बायकांपैकी एखादी कुणाच्या भावकीतली असते, कुणी तिच्याबरोबर एकाच एसटीने प्रवास केलेला असतो. कुणी त्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेतलेलं असतं आणि आता दंडाकडे बघून अंगावर काटा येतो. अशा माणसाला ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न उरतच नाही, त्याला पुढचं माहीत आहे. त्याच्या मनात मागचं येतं. एवढी वर्षं आपल्याला कळलं कसं नाही?

हे ‘कसं कळलं नाही’ फार महत्त्वाचं आहे, आणि पडद्यावरचा थरार नेमकं तेच ओलांडून पुढे पळतो.

तेरा वर्षांत माणसं नाहीशी होत होती. घरची माणसं पोलीस ठाण्यात जात होती, ‘मिसिंग’ दाखल होत होतं. बेपत्ता व्यक्तीची नोंद म्हणजे एक क्रमांक, एक फोटो, अंगावरच्या साडीचा रंग, पायात काय होतं त्याची एक ओळ. त्यापुढे अनेकदा काहीच घडत नाही. बाई सज्ञान असली की गावातली, कधी कधी ठाण्यातलीही, सगळी शंका एका वाक्यात मिटते: ‘गेली असेल कुणाबरोबर तरी.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात हे वाक्य ऐकायला मिळतं. ते उच्चारलं की शोध थांबतो, कारण मग हरवलेली बाई पीडित राहत नाही, ती बदनाम होते. घरचेही हळूहळू विचारायचं सोडतात. संतोष पोळबद्दल आणखी एक गोष्ट त्या वेळी वर्तमानपत्रांतून आली होती. त्याने सरकारी अधिकाऱ्यांविरुद्ध लाचलुचपतीच्या तक्रारी केल्या होत्या, त्याचा एक दबदबा होता, त्याच्या वाटेला जायला यंत्रणा बिचकत होती.

२०१६ च्या जूनमध्ये नाहीशी झालेली शेवटची बाई अंगणवाडी चळवळीतली पुढारी होती. तिच्यासाठी ‘गेली असेल कुणाबरोबर’ हे वाक्य चाललं नाही. तिला ओळखणाऱ्या बायका होत्या, संघटना होती, घरचे हटत नव्हते. पाठपुरावा झाला, मोबाइलच्या नोंदी पाहिल्या गेल्या, धागा परिचारिकेपर्यंत गेला आणि तिथून धोमच्या पोल्ट्रीपर्यंत. एका संघटित बाईच्या शोधाने आधीच्या असंघटित बायकांचा पत्ता लागला. या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि तिच्यात थरारही आहे. एकेक दार वाजवणाऱ्या, रोज पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसणाऱ्या माणसांचा थरार.

मालिकेने दुसरी वाट धरली. तिथल्या बायका बहुतेक वेळा डॉक्टरच्या मोहात पडतात, लपूनछपून भेटतात, कुणी पैशाच्या, कुणी प्रेमाच्या आशेने जाते आणि मरते. प्रत्यक्ष तपासात पैसा, दागिने, जमीन, बिंग फुटायची भीती अशी कारणं पुढे आली होती. पडद्यावर सगळ्यात जास्त वेळ मिळाला तो प्रेमाच्या नाटकाला. रात्री साडेदहाला लाखो घरांत जे दिसलं, त्याने ते जुनं वाक्यच पक्कं झालं. बघा, गेलीच होती की कुणाबरोबर तरी. मालिका करणाऱ्यांच्या मनात तसं नसेलही. पण ज्या घरातली बाई खरोखर मातीखाली सापडली, त्या घराला त्या वर्षभरात काय काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार ‘सत्य घटना’ हे शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा.

फरक आणखी एका जागी पडला आहे. मालिकेतला अजितकुमार हा मुळात देवीसिंग नावाचा, बाहेरून आलेला, वाड्यात भाड्याने राहणारा माणूस आहे. गाव भोळं आणि पाहुणा पापी. प्रत्यक्षातला आरोपी धोमचाच. त्याची जमीन तिथे, घर तिथे, भावकी तिथे. बाहेरच्या माणसाची गोष्ट ऐकून गाव सुटकेचा श्वास टाकतं, कारण अशा गोष्टीत गावाला स्वतःकडे पाहावं लागत नाही. आपल्यातल्याच माणसाची गोष्ट सांगितली असती, तर साताऱ्यातल्या प्रत्येक वाडीने आपल्या दवाखान्याच्या पाटीकडे, आपल्या ग्रामसभेकडे आणि आपल्या गप्प बसण्याकडे पाहिलं असतं. या एका बदलाने मालिकेची निम्मी ताकद गेली, असं ठामपणे म्हणावं लागेल.

सातारा आणि सांगलीच्या प्रेक्षकाला कायद्यापासून पळणाऱ्या माणसाची गोष्ट नवी नाही. ती इथल्या मातीतच आहे. हे दोन जिल्हे मुळात एकच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या जुन्या साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडवली गेली, त्यात जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड यांच्याबरोबर कुंडलची तूफान सेना होती. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. इंग्रजांच्या दप्तरात हा दरोडा आणि तुरुंगफोडी. लोकांच्या मनात तो पराक्रम. कॅप्टन भाऊंना तर ‘रेल्वे लुटली’ हा शब्दही मान्य नव्हता. इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं ते म्हातारपणीही सांगत.

त्याच्याही आधीची गोष्ट वाटेगावची. तिथल्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली. भुकेल्या गावासाठी सरकारी खजिना लुटणाऱ्या माणसाची ही कादंबरी आपल्याच परिसरात, आपल्याच नात्यात ऐकलेल्या गोष्टीतून आली होती. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, पुढे तिच्यावर चित्रपट निघाला. वारणेच्या खोऱ्यातल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा फकिरा पाहताना तो पकडला जाऊ नये असंच वाटत होतं. जो कायदा त्याला पकडायला निघाला होता, तो माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता.

मग बोरगाव. वाळवा तालुक्यातल्या बापू बिरू वाटेगावकरची गोष्ट तर कालपरवाची. गावातल्या बायाबापड्यांना छळणाऱ्या गुंडाला त्याने मारलं, पुढे आणखी खून झाले, आणि हा माणूस पंचवीसेक वर्षं कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात फरारी राहिला. उसाच्या रानांनी त्याला लपवलं, लोकांनी भाकरी दिली. शेवटी जन्मठेप झाली. सुटल्यावर तो अध्यात्माकडे वळला आणि जानेवारी २०१८ मध्ये नव्वदी ओलांडून वारला. त्याच्या हयातीतच वग रंगले, मिलिंद गुणाजीने पडद्यावर बापू उभा केला. जत्रेतल्या तंबूत वग सुरू झाला की टाळ्या कधी पडणार हे ठरलेलं असे. पण याच पट्ट्यात मारल्या गेलेल्यांचीही घरं आहेत. त्या घरातली माणसं तंबूकडे जात नसत. एकाच गावात, एकाच रात्री, एकाच वगाला दोन प्रतिक्रिया होत्या. फक्त दुसरी कुणी ऐकली नाही.

तेव्हा इथल्या प्रेक्षकाचा कान आधीपासून एका चालीला तयार आहे. फरारी माणूस, मागावर पोलीस, आणि आपला जीव फरारी माणसासाठी खालीवर होतोय. ‘देवमाणूस’ने हीच चाल उचलली. फकिराच्या मागे इंग्रज होते, बापू बिरूच्या मागे निदान गावच्या छळाची कहाणी होती. इथे मात्र ज्याच्यासाठी आपला श्वास अडकतो तो औषधाच्या सुईने बायकांना मारणारा माणूस आहे. तो निसटला की सुटल्यासारखं वाटतं, आणि मग ज्याला कळतं त्याला स्वतःचीच शरम वाटते. अनेक प्रेक्षकांचा संताप मालिकेवर निघाला, त्यामागे ही शरम होती असं मानायला जागा आहे. आपल्याला कुणाच्या बाजूला बसवलं गेलं, हे उशिरा लक्षात आलं.

वाईकरांनी दुसऱ्याची खरी गोष्ट आपल्या अंगणात चित्रित होतानाही पाहिली आहे. ‘स्वदेस’ पासून ‘चेन्नई एक्स्प्रेस’ पर्यंत कितीतरी हिंदी चित्रपट इथल्या घाटांवर आणि गल्ल्यांत चित्रित झाले, त्यात प्रकाश झा यांचा ‘गंगाजल’ होता. २००३ मध्ये तो प्रदर्शित झाला; धोमच्या प्रकरणात पहिला खून ज्या वर्षीचा सांगितला जातो, तेच हे वर्ष. १९७९-८० मध्ये बिहारच्या भागलपूरमध्ये पोलिसांनी कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यात ॲसिड ओतलं, त्या भीषण प्रकरणाची सावली या चित्रपटावर आहे. भागलपुरात तेव्हा लोकांचा एक मोठा वर्ग पोलिसांच्या बाजूने उभा राहिला होता. चित्रपट पाहणाऱ्यांतही तीच फाळणी झाली. गुंडांच्या डोळ्यांत ॲसिड पडताना काही ठिकाणी शिट्ट्या वाजल्या, काहींना तिथून पुढे पडद्याकडे बघवेना. वाईच्या बाजारपेठेतल्या लोकांना ते एक चांगलं शूटिंग होतं. कुणाला गर्दीत उभं राहायचं काम मिळालं, कुणाच्या दुकानाची पाटी हिंदीत रंगवली गेली. भागलपूर फार लांब होतं. आणि त्याच भागलपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला पहिल्यांदा न्यायालयासमोर उभं केल्यापासून मोफत वकील मिळाला पाहिजे असं सांगितलं. आज साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या न्यायालयात मोफत वकिलाचा अर्ज भरणाऱ्या माणसाचं भागलपूरच्या त्या आंधळ्या कैद्यांशी नातं आहे. चित्रपटात त्याला जागा नव्हती, कारण कागदोपत्री लढाईत कुणाला थरार दिसत नाही.

थरार कशात दिसतो आणि कशात दिसत नाही, याचं सांगलीतलं उदाहरण फार बोलकं आहे. धोमच्या अटकेनंतर सातच महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. गर्भपात करताना एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि तिच्या मृत्यूच्या चौकशीतून हे बाहेर आलं. इथेही डॉक्टरच, होमिओपॅथीची पदवी असलेला. इथेही जमीन खणली गेली, इथेही राज्य हादरलं. पण म्हैसाळवर ‘देवमाणूस’सारखी गाजलेली मालिका झाली नाही. कारण तिथे एकट्या डॉक्टरला सैतान ठरवून गोष्ट पुरी होत नाही. त्याच्या दारात बायकांना कुणी आणलं? नवऱ्यांनी, सासरच्यांनी, एजंटांनी. सांगली-कोल्हापुरातून आणि सीमेपलीकडून कर्नाटकातून. तिथे ‘खुनी कोण’ या प्रश्नाचं उत्तर प्रेक्षकांच्या सोफ्यावरच बसलेलं असू शकतं. असा थरार वाहिनीलाही नको असतो, घरालाही.

मराठीत हे धाडस कधी झालंच नाही असं नाही. मानवतच्या नरबळी प्रकरणावर विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आणि अमोल पालेकरांच्या दिग्दर्शनातून १९८१ मध्ये ‘आक्रीत’ आला. बघणाऱ्याला तो मजा देत नाही, अस्वस्थ करतो. अंधश्रद्धा, पैसा आणि गावातली सत्ता यांचा गुंता तो सोडत नाही. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणातल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली आणि १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ आला. पुण्यात ते खून होत होते त्या काळात संध्याकाळनंतर दारं लावून बसलेली पिढी तेव्हा प्रेक्षागृहात होती. तिला नाना पाटेकरचा थंड चेहरा पाहताना आपल्या दाराची कडी आठवत होती. बाहेरगावच्या प्रेक्षकाला तो एक जबरदस्त अभिनय होता. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या. पण तो चित्रपट निकाल लागून, शिक्षा अमलात येऊन गेल्यावर आला, हे विसरता कामा नये.

‘देवमाणूस’ आली तेव्हा साताऱ्यातला खटला चालू होता. या मुद्द्यावर प्रेक्षक फार बोलले नाहीत, बोलायला हवं होतं. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ तयार होऊन पडला होता. आरोपींनी उच्च न्यायालयात धाव घेतली, प्रदर्शन थांबलं आणि टाडा न्यायालयाचा निकाल आल्यानंतरच, फेब्रुवारी २००७ मध्ये, तो पडद्यावर आला. तो चित्रपट खरी नावं घेत होता आणि ‘देवमाणूस’ घेत नव्हती, हा फरक आहेच. कायद्याच्या दृष्टीने तो मोठा फरक असेल. गावाच्या दृष्टीने नाही. साक्षीदार याच तालुक्यातले, तेही रात्री टीव्ही बघतात, त्यांच्याही शेजारी दुसऱ्या दिवशी पारावर तीच चर्चा असते. साक्ष द्यायला उभं राहणाऱ्या माणसाच्या आठवणीत पडद्यावरचं दृश्य मिसळू नये, याची काळजी कुणी घ्यायची?

१९९४ च्या ऑटो शंकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लेखन कुणाच्या परवानगीशिवाय करता येतं हे मान्य केलं. म्हणजे अशा गोष्टी सांगण्याचा अधिकार आहेच, आणि असायला हवा. त्याच निकालात न्यायालयाने एक अपवाद नोंदवला: लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रीचं नाव आणि तिच्यावर बेतलेला प्रसंग चव्हाट्यावर आणून तिची आणखी विटंबना होता कामा नये. न्यायालय नोंदींपुरतं बोललं. मालिकेला या ओळीतला भाव पकडता आला असता. नाव बदलणं ही कमीत कमी काळजी झाली. मेलेल्या बाईची अब्रू राखणं ही त्यापुढची.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘देवमाणूस’मुळे बोगस डॉक्टर हा विषय ग्रामीण महाराष्ट्रात जेवढा बोलला गेला, तेवढा सरकारी पत्रकांनी कधी झाला नसता. पदवी खरी का, नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायला हवं असं अनेक घरांना पहिल्यांदा वाटलं. धोमच्या आरोपीच्या पदवीबद्दलही प्रश्न उभे राहिलेच होते. गोष्टीत ही ताकद असते, म्हणूनच तिच्याकडून अधिक मागायचं.

दक्षिण कोरियात बाँग जून-हो या दिग्दर्शकाने २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ केला. १९८६ ते १९९१ मध्ये ह्वासोंग या ग्रामीण भागात दहा स्त्रियांचे खून झाले होते आणि खुनी सापडला नव्हता. चित्रपट त्या न सापडलेल्या माणसाच्या मागे धावणाऱ्या, चुकीच्या लोकांना मारझोड करणाऱ्या, हतबल होणाऱ्या पोलिसांचा आहे. खुन्याला त्यात चेहराच नाही. शेवटच्या दृश्यात एकेकाळचा तपास अधिकारी सरळ प्रेक्षकांकडे पाहतो, कारण खुनी कदाचित प्रेक्षागृहात बसला असेल. २०१९ मध्ये डीएनएच्या आधारे तो सापडला. दुसऱ्या एका खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. तुरुंगात आपण तो चित्रपट पाहिला, आपल्याला विशेष काही वाटलं नाही, असं त्याने पुढे न्यायालयात सांगितलं. खुन्याला काही वाटलं नाही. पण कोरियातल्या प्रेक्षकांनी सोळा वर्षं त्या नजरेचं ओझं वागवलं. त्यांना कुणाच्या बाजूला बसवायचं, हे दिग्दर्शकाने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

आपल्याकडेही ते ठरवता येईल. साताऱ्यात आणि सांगलीत आज कॅमेरे रोज फिरतात, इथली पोरं मालिकांत लिहितात, अभिनय करतात, ध्वनी आणि प्रकाश सांभाळतात. धोम, म्हैसाळ यांच्यानंतरही इथे भयंकर गोष्टी घडल्या. जून २०२२ मध्ये म्हैसाळमध्येच एका कुटुंबातली नऊ माणसं दोन घरांत मृतावस्थेत सापडली. सुरुवातीला कर्जापायी सामूहिक आत्महत्या म्हणून ते पाहिलं गेलं, मग गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाने विष दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. यावर कुणीतरी कधीतरी पटकथा लिहायला बसेल. त्याने मांत्रिकाच्या डोळ्यांतल्या काजळापासून आणि लिंबू-मिरचीपासून सुरुवात करू नये. नऊ माणसं रोज ज्या रस्त्याने जात होती, त्या रस्त्यावरच्या शेजाऱ्यांपासून करावी.

आणि धोमची गोष्ट पुन्हा कुणी सांगणार असेल तर पहिलं दृश्य पोल्ट्रीत नको, दवाखान्यात नको. २००३ सालच्या एखाद्या सकाळी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला एक माणूस दाखवा, हातात घरातल्या बाईचा फोटो घेतलेला. समोरच्या टेबलावरून त्याला विचारलं जातंय, ‘भांडण झालं होतं का घरात?’ कॅमेरा त्याच्याबरोबर बाकावर बसवा आणि तेरा वर्षं तिथून हलवू नका.